आत्याला सांगितलेला सिनेमा

माझी आत्या सिनेमात हिरोकडे कधी बघायची नाही. हिरो बुडो, वाचो, नाही तर मडमेच्या गळ्यात पडो, तिला त्याचं काही सोयरसुतक नसायचं. ती मागच्या गर्दीतली तोंडं बघायची. होडीत दाटीवाटीनं बसलेले, दोराच्या शिडीवरून वर चढणारे, घोंगडी पांघरून कपातून काहीतरी पिणारे लोक पडद्यावर आले की ती खुर्चीत पुढे सरकायची आणि माझं मनगट धरायची.

बंगलोरच्या कँटोन्मेंटात तेव्हा इंग्रजी सिनेमाची थिएटरं होती. लढाई संपून दहा वर्षं होत आली तरी तिथे ती चालूच होती. दर शुक्रवारी पेपरातली जाहिरात वाचून नव्या सिनेमात बोट आहे की नाही ते शोधायचं, हे माझं काम. नुसती विमानं किंवा वाळवंट असेल तर आत्याला त्यात रस नव्हता. बोट असेल तर शनिवारी दुपारी आम्ही दोघी जयनगरहून बस पकडून निघायचो. मी कॉन्व्हेंटात शिकत होते, म्हणून घरातलं इंग्रजी माझ्या गळ्यात. पडद्यावरचा माणूस बोलला की मी आत्याच्या कानाशी मराठीत सांगायचं. मागचे लोक शुक्‌शुक्‌ करायचे, मी त्यांना भीक घालायचे नाही. बारा वर्षांची होते आणि भलतीच आगाऊ होते.

आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, मालवाहू बोटीवर वायरलेसच्या खोलीत कामाला होते. मी पाळण्यात असताना त्यांची बोट लढाईत बुडाली. कंपनीचं पत्र आलं: बोट गेली, माणूस बेपत्ता, मृत समजावा. आत्या तेव्हा बेळगावला सासरी होती. बाबांनी तिला आमच्याकडे आणलं आणि ती इथेच राहिली. पण तिनं कुंकू पुसलं नाही की मंगळसूत्र काढलं नाही. कंपनीनं नुसतं समजलंय, बघितलेलं कुणी नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं असायचं, पण तिच्यापाशी आलं की करंडा धरलेला हात जरासा थबकायचा. कुणी कुंकू लावायची, कुणी नुसती साखर हातावर ठेवून पुढे सरकायची. आत्या खाली बघून बसायची. मला त्या बायकांचा असा राग यायचा की एकीच्या चपला मी मुद्दाम गटारात ढकलल्या होत्या.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, अशी आमच्याकडे रीत होती. बारा वर्षांत तो आला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा. मग त्याचं सुतक, मग त्याची बायको विधवा. त्या वर्षी मार्गशीर्षात बारा वर्षं पुरी होत होती. आत्याच्या सासऱ्यांचं बेळगावहून कार्ड आलं: माझे दिवस भरत आले आहेत, मुलाला अग्नी न देता मी गेलो तर तो तसाच भटकत राहील. मी येतो आहे. तयारी ठेवावी.

बाबांनी ते कार्ड मोठ्यानं वाचलं. आई पोळ्या लाटायची थांबली. आत्यानं कार्ड घेतलं, दोनदा वाचलं, आणि खुंटीवरच्या पिशवीत टाकलं. "अजून दोन महिने आहेत," एवढंच म्हणाली.

आणि त्याच महिन्यात तो सिनेमा आला.

बाबा विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं की लढाईच्या सिनेमांत अधूनमधून खरे तुकडे जोडलेले असतात, कॅमेरेवाल्यांनी प्रत्यक्ष लढाईत टिपलेले. बोलून मोकळे झाले. आत्यानं मात्र ते मनात धरून ठेवलं. खरा तुकडा कुठला ते मलाही ओळखता यायला लागलं होतं. चित्र हलायचं, त्यावर पावसासारख्या रेघा यायच्या, आणि माणसं कॅमेऱ्याकडे बघायची नाहीत.

त्या सिनेमात असा तुकडा आला. बोटींचा तांडा, एक बोट पेटलेली, तेलानं काळंभोर पाणी. मग दुसऱ्या एका बोटीच्या डेकवर ओळीनं बसवलेले लोक, अंगावर घोंगड्या. त्यांच्यात एक जण पाठमोरा उभा होता. त्यानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान खाजवला.

आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली. "हे," ती म्हणाली. "असाच कान खाजवायचे. मी हसायचे म्हणून मुद्दाम करायचे. काय म्हणतोय तो? लवकर सांग."

पडद्यावर एक जड आवाज बोलत होता. त्यानं काय म्हटलं ते मला स्पष्ट ऐकू आलं आणि कळलंही. हे थोडे लोक वाचले, बाकीच्या बोटींवरचं कुणी सापडलं नाही, असं तो म्हणाला. पण आत्याचं तोंड माझ्या इतकं जवळ होतं की तिचा श्वास गालावर लागत होता.

"म्हणतोय, सगळ्यांना उचललं," मी सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण माझी जीभ कुठली थांबते. मी पुढे जोडलं, "लांब दुसऱ्या देशात नेलं. काही जणांना नाव आठवत नाही, ते अजून तिथेच आहेत."

आत्यानं मनगट सोडलं. पुढचा सिनेमा तिनं बघितला नाही, मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिली.

त्या आठवड्यात आम्ही तो सिनेमा आणखी दोनदा बघितला. शाळा सुटल्यावर ती मला फाटकापाशी गाठायची आणि तशीच दप्तरासकट घेऊन जायची. तो तुकडा आला की विचारायची, "आता?" आणि मी परत तेच सांगायचे, शब्दाला शब्द, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तिला कळलं असतं. तिसऱ्या वेळी माझा आवाजही हलला नाही. माझीच मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी जेवताना बाबांनी भटजींचा विषय काढला.

"विधी होणार नाही," आत्या म्हणाली. "ते आहेत. सिनेमात सांगितलंय."

बाबांनी घास ताटात ठेवला. "कोणी सांगितलंय?"

"हिला विचार."

बाबा माझ्याकडे वळले. आई वाढायची थांबली. "तू ऐकलंस?"

मी मान डोलावली.

"काय ऐकलंस ते इंग्रजीत सांग."

मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. आत्याच मध्ये पडली. "पोरीची काय परीक्षा घेतोस? तीन वेळा ऐकलंय तिनं. तीन वेळा तेच सांगितलंय."

"मी स्वतः जाऊन ऐकतो," बाबा म्हणाले. "उद्याच शिफ्टनंतर जातो."

तो सोमवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. शाळेत गणितं चुकली, बाईंनी बाकावर उभं केलं, त्याचंही काही वाटलं नाही. संध्याकाळी बाबांची सायकल वाजली तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. बाबा आईला सांगताना ऐकू आलं की सिनेमा शुक्रवारीच बदलला, रिळं मद्रासला गेली. मी सुटले. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. खरं तर तिथेच अडकले, कारण आता त्या सिनेमाची साक्ष देणारी मी एकटी उरले होते.

आजोबा, म्हणजे आत्याचे सासरे, मार्गशीर्ष लागायच्या आधीच आले. उंच, वाळके, डोक्याला रुमाल, हातात काठी. आत्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिचं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, रागावले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, तू ऐकलंस की नाही, खरं सांग की."

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला नको झाला होता.

बाबा गप्प बसणारे नव्हते. कंपनीच्या पत्रात बोटीचं नाव होतं, ते घेऊन ते कारखान्यात विचारत फिरले. एका अँग्लो-इंडियन फोरमनच्या बायकोचा मामा लढाईत मालबोटीच्या इंजिनावर होता. आता व्हाइटफील्डला राहत होता. फोरमननं चिठ्ठी पाठवून विचारलं आणि उत्तर आलं: हो, त्याच तांड्यात होतो. आमची बोट तिच्या मागचीच.

"शनिवारी जाऊ," बाबा म्हणाले.

आत्या म्हणाली, "मी जाईन, मामंजी येतील. तू नको येऊस."

"अगं, त्यांना इंग्रजीशिवाय धड काही येत नाही. बोलणार कोण?"

"ही बोलेल. तुला विधी उरकायचाय, तू तुझ्या सोयीचं सांगशील. ही माझ्याशी खोटं बोलणार नाही."

आजोबांनीही मान हलवली. "लेकरूच बरं. लेकराला काय स्वार्थ?"

बाबांचा चेहरा पडला. सख्ख्या बहिणीनं तोंडावर असं म्हटलेलं त्यांना लागलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बाबांचा झालेला तो अपमान माझ्यामुळे झाला, हे मला त्याही वयात समजत होतं.

शनिवारी बाबांनी आम्हाला कँटोन्मेंट स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. आत्यानं नवं पातळ नेसलं होतं, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, कुंकू रोजच्यापेक्षा ठसठशीत. व्हाइटफील्डला उतरून जटका केला. टांगा मागे कलला तसा जटकेवाला म्हणाला, "अक्का, स्वल्प मुंदे बन्नी," आणि आत्या पुढे सरकून अगदी मला लागून बसली. दोन्ही बाजूंना बागा, लांब लांब अंतरावर उतरत्या छपरांची घरं, आणि माणूस दिसत नाही. मी ठरवत होते. तो काहीही म्हणो, मी म्हणणार उचललं. तिथे इंग्रजी कळणारं दुसरं कोण होतं? आत्याचं कुंकू राहील. मग आजोबांकडे बघितलं. ते काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून बसले होते, आणि ओठ हलत होते. मुलाला अग्नी द्यायला एवढ्या लांब आलेला म्हातारा. कुठलंही एक सांगितलं की एकाचा घात होणार होता.

तो गृहस्थ व्हरांड्यात वाटच बघत होता. जाडजूड, लालसर, बोटांना कायमचं काळं लागलेलं. बायकोनं केक आणि सरबत आणून ठेवलं. आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. त्यानं कंपनीचं पत्र वाचलं, घडी केली आणि आत्याच्या हातात परत दिलं. मग माझ्याकडे बघून बोलायला लागला, एक वाक्य बोलून थांबायचा, मी सांगून होईपर्यंत वाट बघायचा. सिनेमापेक्षा सोपं होतं ते.

दुपार होती, तो म्हणाला. ऊन होतं. तो इंजिनावरून वर हवा खायला आला होता. पुढची बोट अचानक उचलल्यासारखी झाली, मग आवाज आला. कपातला चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळात ती गेली. होड्या सोडायला वेळच मिळाला नाही. माणसं उड्या टाकत होती.

हे सगळं मी सांगितलं. आत्या ऐकत होती. "मग उचललं कुणी?" तिनं विचारलं. "त्याला विचार."

मी विचारलं.

त्यानं सरबताचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, थांबायचं नाही असा हुकूम होता. जी बोट थांबेल तिलाच पुढचा टॉर्पेडो बसायचा. बुडालेल्यांना उचलायला तांड्याच्या शेवटी एक बोट ठेवलेली असायची. ती सकाळीच बुडाली होती. आम्ही त्यांच्यामधून गेलो. कुणालाही उचललं नाही. दिसेनासे होईपर्यंत मी कठड्याशी उभा होतो.

मी केकच्या बशीकडे बघितलं.

"सांग ना," आत्या म्हणाली. "उचललं ना?"

आणि आजोबांनी काठी बाजूला ठेवली आणि पुढे वाकले. "उचललं म्हणाले काय, बाळ?" त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला अपेक्षित नव्हतं. अग्नी द्यायला आलेल्या त्या माणसालाही मी हो म्हणायला हवं होतं. दोघांनाही खोटंच हवं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त.

पण तो समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून ते बाहेर पडायची वाट बघत होता. त्याच्या तोंडावर माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच उचललं नाही. ते थांबले नाहीत. सगळे पाण्यातच राहिले."

आजोबा हळूच मागे टेकले.

"सिनेमात तर..." आत्या म्हणाली.

"सिनेमात तसं नव्हतं. मी मनानं सांगितलं."

"तीन वेळा?"

"तीन वेळा."

वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. आत्या माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तेव्हा खोटं बोललीस की आत्ता? तुझ्या बाबानं पढवून पाठवलंय का?"

"नाही गं आत्या. शपथ."

"तुझ्या शपथेला काय किंमत?"

खरं सांगितलं होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. मला रडू फुटलं. त्या गृहस्थानं विचारलं, काय झालं, काय म्हणतेय ती. मी हुंदके देत इंग्रजीत सगळं सांगितलं, सिनेमा, घोंगडीवाला माणूस, बारा वर्षं, पुतळा, कुंकू, सगळं.

तो उठला. गुडघे धरत धरत येऊन आत्याच्या समोर जमिनीवरच बसला. बोटीवरच्या खलाशांशी बोलायची मोडकीतोडकी हिंदुस्तानी त्याला येत होती, तीत म्हणाला, "बाई. हम देखा. पानी में आदमी लोग हाथ ऊपर किया. हमारा जहाज नहीं रुका. बच्ची सच बोलता है."

आत्याला हिंदी जेमतेम यायची. तिनं विचारलं, "आप देखा? आँख से?"

"आँख से देखा, बाई."

"कोई नहीं उठाया?"

"कोई नहीं."

आत्यानं पदर सारखा केला आणि उठली. "मामंजी, चला," ती म्हणाली. "पाचच्या गाडीला गेलं पाहिजे." परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि आजोबा तिच्या शेजारी. मी समोरच्या बाकावर. घरी आल्यावर बाबांना तिनं एवढंच सांगितलं, "भटजींना कळव."

मार्गशीर्षात विधी झाला. पळसाच्या पानांच्या त्या एवढ्याशा पुतळ्याला आजोबांनी अग्नी दिला, आणि घरी येऊन मोठ्यानं रडले. आत्यानं कुणाला हात लावू दिला नाही. बांगड्या स्वतः उतरवल्या, कुंकू स्वतः पुसलं. चौतीस वर्षांची होती.

मला ती कधी बोलली नाही. रागावली असं कुणी म्हणू शकलं नसतं. रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची, माझ्या आवडीची थालीपीठं करायची, परीक्षेच्या दिवशी हातावर दही घालायची. सिनेमाला मात्र पुन्हा कधी गेली नाही.

त्याआधी घरात इंग्रजी अक्षर आलं की ते माझ्याकडे यायचं. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या डब्यावरचं, कापडाच्या काठावरचं सुद्धा. "बघ गं काय लिहिलंय," असं म्हणत आत्या घरभर मला शोधायची.

माघात तिच्या नावानं बोटीच्या कंपनीचं एक लांबट पाकीट आलं. इंग्रजीतच. दुपार होती, आई झोपली होती. आत्यानं पोस्टमनकडून घेतलं, फोडलं आणि कागद उलगडला. मी पुढच्या खोलीत भूगोलाचा नकाशा रंगवत होते. तिच्यापासून दोन हातांवर. मी ब्रश खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि वाट बघितली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली, उंबऱ्यावर जाऊन बसली, आणि साडेपाचला बाबांची सायकल येईपर्यंत तिथेच बसून राहिली.